समुपदेशकाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञाची पायरी त्या म्हणीत कुणी घातली नाही. ती शहाण्याने चढायची असते हेच मुळी कुणाच्या डोक्यात नव्हतं!

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्याच इमारतीत राहणारी एक मराठी मुलगी. मुलगी म्हणजे दोन मुलांची आई आहे, पण मला ‘काका’ म्हणते, म्हणून मुलगी. मानसशास्त्रात एम.ए. करून, भारतात काही वर्षं समुपदेशनाचं काम करून ती नवऱ्याच्या नोकरीमुळे दोह्यात आली. इथल्या आरोग्य मंत्रालयाच्या परवान्यासाठी कागदपत्रं, शिक्के, पडताळणी हे सगळं तिने निगुतीने पार पाडलं आणि एका खाजगी पॉलिक्लिनिकमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी प्रॅक्टिस सुरू केली. दोन महिन्यांनी लिफ्टमध्ये भेटली. म्हटलं, “काय गं, कसं चाललंय?” तर म्हणाली, “काका, खुर्ची छान आहे, एसी छान आहे, आणि टिश्यू पेपरचा डबा अजून पहिलाच चालू आहे.”

हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. खोलीचं भाडं तीन संध्याकाळींचं द्यावंच लागतं, कुणी येवो न येवो. वर्षभरात जमलं नाही तर सोडून देईन म्हणाली.

मी पेशाने पाइपलाइनवाला. मनाच्या पाइपलाइनमधलं मला काही कळत नाही. पण जुनी मराठी मासिकं चाळायचा नाद आहे, आणि तिचं ऐकताना मला सारखा एक माणूस आठवत राहिला. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत तोही असाच दार उघडून बसला होता. त्याची गोष्ट मी तिला सांगितली. तीच आज थोडी विस्ताराने लिहितो आहे.

आधी या धंद्याची मूळ अडचण सांगतो. (‘धंदा’ म्हटलेलं तिला आवडत नाही, पण भाडं भरायचं म्हणजे धंदाच.) न्हाव्याने केस चांगले कापले तर गिऱ्हाईक चार जणांना सांगतं. दाताचा डॉक्टर चांगला निघाला तर मंडळाच्या पिकनिकला त्याचा फोन नंबर दहा जण घेतात. समुपदेशकाचं मात्र उलटं. ज्याला गुण आला तो नेमका गप्प बसतो. “माझं लग्न मोडता मोडता वाचलं, अमक्या बाईंनी वाचवलं,” असं हळदीकुंकवाला कोण सांगेल? आणि समुपदेशकाने आपल्या क्लायंटकडे ‘जरा सांगा हो चार लोकांना’ म्हणणं हे तर या पेशाच्या नीतीत बसतच नाही. समाधानी गिऱ्हाइकाचं तोंड दोन्ही बाजूंनी बंद!

खुद्द फ्रॉइडसाहेबांचंही यातून सुटलं नव्हतं. २५ एप्रिल १८८६ रोजी, ऐन ईस्टरच्या रविवारी, त्यांनी व्हिएन्नात दवाखाना उघडला आणि वर्तमानपत्रात निवेदन दिलं, की अमुक अमुक डॉक्टर पॅरिसहून परत आले असून अमक्या पत्त्यावर भेटतील. पण निवेदन वाचून रांग लागली असं काही झालं नाही. सुरुवातीचे बरेचसे रुग्ण जोसेफ ब्रॉयर या वडीलधाऱ्या डॉक्टरमित्राने पाठवलेले होते. आपल्याकडे कलकत्त्याला गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. तेही मूळचे साधे डॉक्टर. ताप-खोकल्याला लोक आधीपासून येत होतेच, त्यांच्यातूनच मनाचे रुग्ण निघाले. म्हणजे दोघांच्याही मागे दुसऱ्या कुठल्या तरी दाराने आलेली माणसं होती. ज्याच्याकडे असं दुसरं दारच नाही, त्याने काय करायचं?

आता तो मुंबईचा माणूस. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १४ जानेवारी १८८२, मुरुडचा. आपण त्यांना ‘संततिनियमनवाले कर्वे’ म्हणून ओळखतो, त्यातही बऱ्याच जणांनी अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ पाहिलेला असतो म्हणून. माझं म्हणणं असं, की मराठीतले पहिले समुपदेशकही तेच. हे बिरुद त्यांना स्वतःला आवडलं असतं की नाही, शंकाच आहे. ते गणिताचे प्राध्यापक. बोलणं रोखठोक, गोड बोलून मन जिंकणं वगैरे प्रकार नाही.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी मार्च महिन्यात लंडनला मेरी स्टोप्स बाईंनी आपला दवाखाना उघडला होता. त्याच्या आधी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्गारेट सँगर यांनी. या तिन्ही दारांची तुलना मला फार बोलकी वाटते.

सँगरबाईंनी काय केलं? इंग्रजी, यिडिश आणि इटालियन अशा तीन भाषांत पत्रकं छापून गरीब वस्तीत घरोघर वाटली. पहिल्या दिवसापासून बायकांची रांग. नऊ-दहा दिवसांत पोलिसांनी येऊन ते बंद केलं. स्टोप्सबाईंचं वेगळं. त्यांचं ‘मॅरिड लव्ह’ हे पुस्तक १९१८ मध्येच येऊन गाजलं होतं. वाचकांची पत्रं ढिगांनी येत होती. दवाखाना नंतर आला, पत्रं आधी.

कर्व्यांच्या बाबतीत पोलीस येऊन दार बंद करतील अशी वेळ आलीच नाही, कारण दारात गर्दीच नव्हती. आपल्याकडे संततिनियमनाची माहिती द्यायला कायद्याची तशी बंदीही नव्हती. बंदी होती ती लोकांच्या मनात. क्षणभर त्या चाळीतल्या बाईच्या जागी उभं राहून बघा. चार बाळंतपणं झालेली, पाचव्याला घाबरलेली. ती या माणसाच्या पायऱ्या चढणार कशी? एक तर तो पुरुष. त्यात डॉक्टर नाही, कॉलेजात गणित शिकवणारा. त्यात महर्षींचा मुलगा, म्हणजे सगळ्या गावाला माहीत. त्याच्या दारात दिसलो की कशासाठी आलो हे सांगायची गरजच नाही. तिचा नवरा तरी येईल का? तोही कोपऱ्यावरूनच परत फिरेल. कर्व्यांच्या पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या, घरखर्चाचा भार त्यांनी उचलला. एवढं असूनही पायरी ती पायरीच.

मग कर्व्यांनी स्टोप्सबाईंचाच मार्ग धरला असं म्हणता येईल. माणूस येत नाही तर कागद पाठवायचा. १९२३ मध्ये ‘संततिनियमन आचार आणि विचार’ हे पुस्तक काढलं. त्यांच्या या प्रचाराची विल्सन कॉलेजच्या चालकांना अडचण होऊ लागली, आणि १९२५ मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली. पगार गेला. प्रॅक्टिस चालत नाही म्हणून माणूस नोकरीत परत जातो हे आपण बघतो. प्रॅक्टिस चालत नसताना नोकरी सोडणारा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

१५ जुलै १९२७ ला त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झालं, आणि कर्व्यांचा खरा दवाखाना तो. मासिकाचा जो उद्देश त्यांनी जाहीर केला, त्यात व्यक्तीच्या आणि समाजाच्या शारीरिक आरोग्याबरोबर मानसिक आरोग्याचाही उल्लेख आहे. १९२७ सालचं मराठी मासिक, आणि मानसिक आरोग्य! आजही आपल्या मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत हा शब्द छापायचा म्हटलं तर दोघे-तिघे म्हणतील, “जरा वेगळं काही टाकूया का?”

या मासिकातलं सगळ्यात महत्त्वाचं पान म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं. लोक पत्र लिहीत. ज्या गोष्टी बायकोला, नवऱ्याला, वैद्याला, कुणालाच विचारता येत नव्हत्या त्या पोस्टकार्डाच्या नाहीतर बंद पाकिटाच्या आडून विचारत. हस्तमैथुनाने शक्ती जाते का, नवऱ्याला रस नाही तर दोष कुणाचा, मनात येतं ते पाप आहे का. कर्वे उत्तर देत. उपदेश नाही, लाजवणं नाही, ‘अरेरे’ नाही. विज्ञानाला काय माहीत आहे ते सांगायचं आणि पुढचा निर्णय विचारणाऱ्यावर सोडायचा. ही माझ्या शेजारणीच्या कामाची व्याख्या आहे, असं तिनेच मला सांगितलं. शिवाय ‘शारदेची पत्रे’ हे सदर ते स्वतःच एका बाईच्या नावाने लिहीत. पुरुषाशी बोलायला बाई बिचकते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून कागदावर का होईना त्यांनी समोरची खुर्ची बदलली.

आणि खटला कशावर झाला बघा. पहिला १९३१ चा, एका लेखावरून. शंभर रुपये दंड. दुसरा मात्र या प्रश्नोत्तरांवरूनच! १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरं अश्लील आहेत म्हणून कर्वे कोर्टात उभे, आणि त्यांचे वकील कोण, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांचा युक्तिवाद थोडक्यात असा, की विषय लैंगिक आहे एवढ्यानेच लिखाण अश्लील ठरत नाही. लोकांना अडचण आहे म्हणून लोक विचारतात, आणि एखाद्याला कुणी विकृती म्हणत असेल तर तीही ज्ञानानेच दूर होईल. हॅवलॉक एलिससारख्या शास्त्रज्ञांचा आधार दिला. कोर्टाला पटलं नाही. दोनशे रुपये दंड झाला. म्हणजे कोर्टाची पायरी चढावी लागली ती समुपदेशकालाच.

(ज्यांना हे सगळं रंगमंचावर बघायचं असेल त्यांनी अजित दळवींचं ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक जरूर बघावं. अतुल पेठ्यांनी बसवलेलं. त्यात हे खटलेच आहेत.)

दंड भरून कर्व्यांनी मासिक चालूच ठेवलं. सव्वीस वर्षं. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले, आणि नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला. पैशाच्या हिशोबात हे सगळं आतबट्ट्याचं. पण सव्वीस वर्षं पत्रं येत राहिली. दाराशी कुणी येत नव्हतं म्हणून गिऱ्हाईक नव्हतं असं म्हणायचं का? माझ्या मते कर्व्यांचं वेटिंग रूम मुंबईतलं सगळ्यात मोठं होतं. फक्त त्यात कुणाला कुणाचा चेहरा दिसत नव्हता.

हे सांगितल्यावर शेजारीण म्हणाली, “काका, पण ती शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. आता कोण पत्र लिहितंय?” मग मी तिला तिच्याच क्षेत्रातली उदाहरणं दिली, जी तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती, पण तिने या बाजूने पाहिली नव्हती.

पुण्याचं मुक्तांगण घ्या. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु.ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, देणगी द्यायला पुढे आले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांचं केंद्र उभं राहिलं. लेख आधी, दार नंतर.

ठाण्याचं तर विचारूच नका. १९०१ पासून तिथे वेड्यांचं इस्पितळ, त्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ हा आपल्या तीन पिढ्यांचा विनोद. (आमच्या शाळेतले गुरुजी तर रोज कुणाला ना कुणाला ठाण्याला पाठवत.) त्याच ठाण्यात २३ मार्च १९९० रोजी डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही संस्था सुरू केली आणि ब्रीद घेतलं ‘सुदृढ मन सर्वांसाठी’. ‘सर्वांसाठी’ हा त्यातला हुशारीचा शब्द. आजाऱ्यांसाठी नाही, वेड्यांसाठी नाही, सर्वांसाठी. लगेच पुढच्या वर्षी ‘वेध’ हा करिअरविषयीचा कार्यक्रम. दहावीतल्या मुलाचं पुढे काय, हे ऐकायला मराठी आईबाप कुठेही जातात, त्यात लाज कसली? सभागृहात शेजारी कोण बसलंय याची भीती नाही, उलट शेजाऱ्यालाच घेऊन जातात. व्याख्यानं, पुस्तकं, नाटकं यांतून नाडकर्णी घरोघर पोचले. अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धती त्यांनी साध्या मराठीत आणली. हे एलिस वर कोर्टात आले त्यांच्याहून वेगळे, न्यूयॉर्कचे. ते तर १९६५ पासून दर शुक्रवारी रात्री भर सभेत, प्रेक्षकांमधून कुणी पुढे येईल त्याचं समुपदेशन करून दाखवत. आपल्याकडे कुणी पुढे आलं असतं असं मला वाटत नाही. पण मागच्या रांगेत बसून ऐकायला सगळे आले असते, आणि पुष्कळदा तेवढं पुरतं.

परदेशस्थ मराठी माणसाचं उदाहरण हवं तर कॅनडात कॅलगरीला राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी. संख्याशास्त्राचे प्राध्यापक, मूळचे धुळ्याचे. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. हे त्यांनी झाकून ठेवलं नाही, उघड बोलले, आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करण्यात पुढाकार घेतला. २००४ चा ‘देवराई’ हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा सिनेमा त्यांच्याच पाठबळाने झाला. अतुल कुलकर्णींचा तो शेष पाहून किती घरांनी आपल्या माळ्यावरच्या खोलीचं दार उघडलं असेल! समाधानी गिऱ्हाईक बोलत नाही असं वर म्हटलं. एक बोललं तर काय होतं ते इथे दिसतं.

आता आपल्या दोह्याकडे येतो. इथे हॉस्पिटलं उत्तम आहेत. २०१६ चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे. एप्रिल २०२० मध्ये, विमानं बंद होऊन आपण सगळे अडकलो होतो तेव्हा, हमद मेडिकलने १६००० या नंबरवर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू केली. तेव्हा आपल्यापैकी काहींनी तो नंबर फिरवला असणार. मी कुणाला विचारलं नाही, कुणी मला सांगितलं नाही.

पण आपली पायरी दोन वीत जास्तच उंच आहे. काही लाख भारतीय असले तरी मराठी माणूस मराठी माणसाला ओळखतोच. नजम्यातल्या दुकानात भेटलेला गणपतीत भेटतो. शिवाय इथलं राहणं नोकरीवर, आणि नोकरी बदलायची तर २०२० सालच्या कायद्यापर्यंत मालकाची एनओसी लागायची. ‘याचं डोकं ठीक नाही’ हे कंपनीत कळलं तर? ही भीती खरी किती आणि मनातली किती, हा प्रश्नच नाही. भीती म्हणून ती पुरेशी आहे.

मला हे माहीत आहे, कारण २००४ मध्ये माझ्याबरोबर फ्लॅटमध्ये राहणारा एक सहकारी हळूहळू बोलेनासा झाला. बायको-मुलं सांगलीकडे. आधी जेवण कमी, मग शुक्रवारी दिवसभर अंथरुणात. मी त्याला काय म्हणालो असेन? “अरे, सुट्टी टाक, गावी जाऊन ये, बरं वाटेल.” तो गेला. परत आला नाही. पुढे कळलं, की नोकरीचा राजीनामाही त्याने दिला नव्हता, नुसता घरात बसून राहिला होता, आणि दोन वर्षांनी त्याच्या भावाने मला फोन करून विचारलं, “तिकडे काही झालं होतं का हो?” मी म्हणालो, “नाही, काही नाही.” तेव्हा मला खरंच वाटलं होतं की काही झालं नव्हतं. त्या काळी या मुलीची खोली दोह्यात असती तरी मी त्याला तिथे पाठवलं नसतं. मला सुचलंच नसतं.

तर यंदाच्या गणपतीत आम्ही एक प्रयोग केला. कल्पना तिची, कर्वे माझे. प्रसादाच्या टेबलाजवळ एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं. नाव लिहायचं नाही, प्रश्न लिहायचा. पाच दिवसांनी एका संध्याकाळी ती त्यातल्या प्रश्नांवर सर्वसाधारण बोलणार. कार्यकारिणीत कुणीतरी म्हणालंच, की मुलं चॉकलेटचे कागद टाकतील. टाकलेही. पण त्या कागदांखाली चिठ्ठ्या निघाल्या, आम्हाला वाटल्या होत्या त्याहून कितीतरी जास्त. निम्म्याअधिक मुलांच्या अभ्यासाबद्दल, म्हणजे ‘वेध’चं दार. काही झोपेबद्दल. गावाकडे एकट्या पडलेल्या आईबद्दल. दोन-तीन अशा, की तिने त्या मला दाखवल्या नाहीत, आणि मीही मागितल्या नाहीत.

बोलण्याच्या संध्याकाळी हॉल भरला होता. प्रश्न कुणीच विचारला नाही. सगळे नुसते ऐकत होते, मागच्या रांगेतल्यासारखे.

खोक्यातल्या एका चिठ्ठीवर मात्र प्रश्न नव्हता. बॉलपेनने, कुणीतरी वयस्कर असावं अशा अक्षरात, एवढंच विचारलं होतं की क्लिनिकमध्ये बाहेर ओळखीचं कुणी बसलेलं नसेल अशी वेळ मिळेल का. त्या आठवड्यापासून तिने दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये अर्धा तास मोकळा ठेवायला सुरुवात केली आहे.